मिटलेल्या ओठांचं चित्र

।। श्री ।।
अल-खोबर, सौदी अरेबिया, ५ जानेवारी २०२४

प्रिय बाबाजीस,
मावसभाऊ विश्वनाथचा स. न. वि. वि.

टक् टाक् टाक्, टक् टाक् टाक्! पहाटे तो आवाज पुन्हा आठवला. वर्गात माझी जीभ अडखळायची, कविता घशातच राहायची. मग तू शेजारी बसून बाकावर पेरांनी भुजंगप्रयात वृत्ताचा ठेका वाजवायचास आणि माझी ओळ सुरळीत बाहेर यायची. त्याच टकटकीवर मी आयुष्यभर मास्तरकी केली रे!

सूनबाई अवंतीच्या पुस्तकात एक रेखाटन आहे. अठराव्या शतकातल्या कुणा चित्रकाराने रंगभूमी सोडलेल्या म्हाताऱ्या नटाचं केलेलं. ना मुकुट, ना रंग. कोट दोन रेषांत उरकलाय, पण डोळ्यांपाशी खडू रेंगाळलाय. ओठ मिटलेले, तरी वाटतं, आता रंगमंचावर प्रवेश करील. थेट तू, आमचा नट! अवंतीला तुझं तसंच चित्र काढायचंय. पण घशाच्या ऑपरेशननंतर तू कुणाला तोंड दाखवत नाहीस, असं तुझी नंदा म्हणाली. माझा विपुल कामासाठी तुमच्या हफ्रला येतोय, हे पत्र त्याच्याच हाती. त्याच्या गाडीत बैस नि ये.

लोभ आहेच, इथल्या उन्हासारखा वाढू दे.
तुझा विशू

हफ्र अल बातिन, ६ जानेवारी

मास्तर, रामराम.

विपुल परत निघालाय, म्हणून घाईत. नंदा हॉस्पिटलातून दमून येते, तरी आधी मला पेज भरवते. लेकीच्या रूपाने देवाने भरपूर दिलं, तक्रार नाही. पण नट म्हणजे आवाज. तो गेला, उरला रिकामा पेटारा. त्याचं चित्र काय काढायचं? तुझ्या त्या नटाला निदान शिव्या तरी देता येत असतील! मी येणार नाही. खलास.

सूनबाईला आशीर्वाद. मायेत अंतर नको.
बाबाजी

अल-खोबर, १९ जानेवारी

प्रिय बाबाजीस,
स. न. वि. वि.

तुझं ‘खलास’ फार लागलं. काल विपुल अचानक हफ्रला निघाला, माझं पत्र लिहायचंच राहिलं. अवंतीने मात्र त्याच्याकडे एक कागद दिला. कोट काढलेला, चेहऱ्याची जागा कोरी, खाली लिहिलेलं, ‘काका, बसायला या.’ तुला टोचेल म्हणून मी तिला रागावलोसुद्धा.

एकच सांगतो. बाकावर वाजवताना तुझे ओठ मिटलेलेच असायचे. तू न बोलता मला बोलता केलंस. हे तुला कधी सांगितलंच नाही, म्हणून आज...

थांब, दाराशी कुणी आलंय. विपुल असेल, पण त्याच्याकडे किल्ली असते. आणि बेल सोडून दार कोण वाजवतंय?

टक् टाक् टाक्, टक् टाक् टाक्...