पाताळच्या राजाच्या मातोश्रींस

महागाव,
पाडव्याचा दुसरा दिवस

सौ. विहीणबाई विजयमालाताई यांना महागावहून विमलचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत. आपली खुशाली कळावी अशी फार इच्छा आहे, पण आठ दिवस आपण माझा फोन उचलत नसल्यामुळे कळायला मार्ग नाही. गुडघ्याला तेलाने उतार पडला का? व्याह्यांचा खोकला कसा आहे? (राजूरच्या कोळशाच्या धुळीत खोकला थांबायचा कसा, पण विचारणं माझं काम.) सुरभीचे पाय सुजत नाहीत ना? सहावा सरत आला आता. रजतरावांना आशीर्वाद. ज्या फोनने घोळ केला त्याच फोनवरून माफी मागणं बरं दिसत नाही, म्हणून कागद घेतला. शुद्ध लिहायचं ठरवलं आहे, तरी मध्येच मले-तुले आलं तर मनावर घेऊ नका. राग आला किंवा रडू आलं की माझ्या तोंडून तेच निघतं.

विषय आपल्याला माहीत आहे. तो फोटो. पण तो एकटाच पाहिला तर कोणाचाही गैरसमज होईल, म्हणून मुळापासून सांगते. सुरभी कॉलेजातून चार वाजता यायची. आली की चप्पल एकीकडे, ओढणी एकीकडे, आणि दिवसभरात कोण काय म्हणालं ते सगळं मला. तिचं लग्न झालं, ती तुमच्या घरी आली, सोन्यासारखं घर मिळालं (हे मी तोंडदेखलं लिहीत नाही), पण चार वाजायचे काही थांबले नाहीत. रोज वाजतात. सुरभीचे बाबा तेव्हा वावरात असतात, आणि घरी असले तरी सोयाबीनच्या भावापलीकडे बोलत नाहीत. अशाच एका चार वाजता मला फोनवर एक परदेशी बाई दिसली. माझ्याच वयाची, माझ्याच अंगाची. घरातली चादर गुंडाळून ग्रीक देवी व्हायची आणि स्वतःच स्वतःचे फोटो काढायची. ना नवरा लागत, ना फोटोग्राफर. तिचं म्हणणं, घरातून न हलता थोडा वेळ सगळ्यापासून दूर जाऊन येता येतं. मी म्हटलं, हे आपल्याले जमते. वाचनालयातून ग्रीक देवांच्या गोष्टींचं पुस्तक आणलं, आणि तेव्हापासून रोज चार ते पाच मी ग्रीसमध्ये असते. पाचला चहा टाकायला परत येते.

पहिल्यांदा मी मेडूसा झाले. या बाईच्या डोक्यावर केसांच्या जागी साप असतात आणि तिच्याकडे जो पाहील त्याचा दगड होतो. साप कुठून आणायचे? गोठ्यात ठिबकच्या जुन्या नळ्या पडल्या होत्या, त्या कापून डोक्याला बांधल्या. फोन स्टँडवर लावला, मुठीत फोटो काढायचा रिमोट धरला, डोळे वटारले, आणि त्याच वेळी सुरभीचे बाबा नळ्या शोधत घरात आले. एक नळी ओढून पाहिली. मग म्हणाले, "माह्या नळ्या तुह्या डोक्यावर काहून?" मी दगडाची गोष्ट समजावून सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "तीस वर्सं झाले तुह्याकडे पाहून राह्यलो, मले तं काही झालं नाही." तीस वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल काढलेला हा सगळ्यात चांगला उद्गार.

मग कपड्यांचा प्रश्न आला. समोरच्या नसरीनकडे गेले (लेडीज टेलर, सुरभीच्या लग्नातले सगळे ब्लाउज तिचेच, आपल्यालाही आवडले होते). पांढरी चादर दिली, चित्र दाखवलं. तिने चष्मा वर करून चित्र दोनदा पाहिलं आणि एवढंच विचारलं, "विमलताई, या देवीले पिको करू का नको?" पिको केलेला तो कपडा घालून मी देवांच्या पर्वतावर चढले. पर्वत म्हणजे आमची मधली खोली. भाव वाढेल म्हणून सुरभीच्या बाबांनी तिथे छतापर्यंत कापूस भरून ठेवला होता, त्याचे ढग फार सुंदर दिसत. पण महिनोन्‌महिने साठवलेल्या कापसात बसलं की अंगाला काय खाज सुटते ते आपल्याला सांगायला नको. चाळीस फोटोंपैकी अडतीसांत देवी खाजवत आहे. उरलेल्या दोनांत दारातून डोकावणारे सुरभीचे बाबा आले आहेत. "हे कोणत्या योजनेत बसते?" असं विचारत होते.

आता तो फोटो. डिमीटर म्हणून पिकांची देवी आहे. तिची एकुलती एक लेक फुलं तोडत असताना पाताळच्या राजाने तिला नेली. (तो तिचा सख्खा काका लागत होता, पण त्या देशात गोत्र पाहत नसावेत.) आई रुसून बसली. शेतात दाणा उगवेना. शेवटी देव मध्ये पडले, पण लेकीने पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, आणि नियम असा की जितके दाणे, तितके महिने दर वर्षी तिकडे. बाकीचे महिने आईकडे. ती आली की पिकं वर येतात. ही गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले. दोन दिवस काढलंच नाही.

तिसऱ्या दिवशी तूर निघालेल्या रिकाम्या वावरात गेले. डोक्यावर ज्वारीच्या कणसांचा मुकुट, अंगावर नसरीनची चादर. फोन वावराच्या कडेला धुऱ्यावर ठेवून उभी राहिले, तर कोणाची तरी बकरी मागून आली आणि मुकुट खायला लागली. फोटोत मी मान ताठ धरून दूर पाहते आहे, ते लेकीची वाट पाहत नाही, बकरीपासून कणसं वाचवते आहे. डोळ्यांत पाणी आहे. नसरीनला फोटो दाखवताना मी सांगितलं, तुरीचं कुटार उडून डोळ्यात गेलं. ताई, कुटार नव्हतं. मले माही पोरगी आठवली होती.

फोटोखाली मी लिहिलं, "माझ्या लेकीला पाताळच्या राजाने नेलं. ती येईपर्यंत या मातीत दाणा उगवणार नाही." लिहिल्यावर लक्षात आलं की रजतरावांची नोकरी कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली, आणि तुमच्याकडे कोणी पाहिलं तर वाईट वाटेल. स्टेटस ठरावीक लोकांपासून लपवायची सोय असते. मी चष्म्याशिवाय तुमच्याकडची अकरा नावं एकेक करून निवडली आणि बटण दाबलं. ते बटण उलटं होतं. महागावात तो फोटो कोणालाच दिसला नाही. राजूरच्या अकराच माणसांना दिसला.

त्यानंतर तुमच्या घरच्या ग्रुपवर "पाताळचा राजा म्हणजे आपला रजत का?" असं कोणी विचारलं आणि बाकीचे काय काय बोलले, ते माझ्या कानावर आलं आहे. शरमेने माझी मान वर होत नाही. सुरभीला बाळंतपणाला आणायला कधी येऊ, असं तिच्या बाबांनी आपल्याला विचारलं, तेव्हा आपण म्हणालात, "पाहू." ते बिचारे खूश. म्हणाले, "पाहू म्हटलं ना, मंग झालं." पण बाईच्या "पाहू"चा अर्थ बाईलाच कळतो. मी जेवले नाही त्या दिवशी. ताई, भाव न वाढताच मी तो कापूस विकायला लावला, कारण मधली खोली सुरभीची आहे. चुना मारून घेतला. पलंग टाकला. डिंक, खारीक आणून ठेवलं. माझ्या मूर्खपणाची शिक्षा मला द्या, त्या खोलीला नको.

तुमचा रजत राजाच आहे, पण पाताळचा नाही. सुरभीचा शब्द खाली पडू देत नाही, मला आई म्हणतो. मी हात जोडून माफी मागते. हा नाद मी कायमचा सोडला आहे. स्टँड माळ्यावर टाकला, चादर पलंगावर घातली. व्याह्यांना नमस्कार, सुरभीच्या डोक्यावरून माझा हात फिरवा.

आपली,
विमल

ता. क. स्टँड माळ्यावरून काढला आहे. कारण असं की पत्र लिहून झाल्यावर मी ती गोष्ट पुन्हा वाचली. त्यात पाताळच्या राजाची आई कुठेच नाही. ती बाई घरात असती तर म्हणाली असती, "पहिलं बाळंतपण आहे, सून माहेरी जाईल," आणि देशभर दुष्काळ पडलाच नसता. सगळी गोष्ट एका विहिणीवाचून अडली आहे. तेव्हा सुरभीला सोडायला आपण स्वतः या, चार दिवस राहा, आणि माझ्या शेजारी त्या वावरात उभ्या राहा. नसरीन आपलं माप मागते आहे. पिको करायचं की नाही तेही कळवा.

ता. क. दुसरा. हे लिहायचं नव्हतं, पण खोटं अंगाशी येतं. स्टँड आणि रिमोट मला रजतरावांनीच वाढदिवसाला पाठवले. पाताळचा राजा हे नावही त्यांचं त्यांनीच घेतलेलं. खाणीतल्या हेल्मेटला सोनेरी कागद लावून काढलेला त्यांचा फोटो माझ्याकडे आहे. त्यांना रागावू नका. फोटो फार छान आला आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. डाळिंबं पाठवते आहे, सुरभीच्या रक्ताला चांगली. निघायच्या दिवशी तुमच्या हाताने तिला दाणे द्या, म्हणजे ती परत येणार हे तुम्हालाही ठाऊक, मलाही. पण ताई, तुमचा हात सढळ आहे, म्हणून सांगते. चार महिने मले पाह्यजेत. दाणे आठच द्या.