दीडशेचे झाले तीनशे

३ जून, सकाळी ११
गॅसरूमच्या दारावर नोटीस. हॉस्पिटलच्या ऑक्सिजनची ही खोली मी एकोणीस वर्षं सांभाळतोय. आता नव्या इंजिनिअर मॅडमचं म्हणणं असं की, सिलिंडरला हात लावणाऱ्या प्रत्येकाला रसायनशास्त्राची गणितं आली पाहिजेत. वायू, उष्णता, प्रकाश, अणुरचना. लेखी परीक्षा २८ तारखेला. पास व्हायला शंभरात चाळीस. नापास होईल त्याची बदली धुलाई विभागात.
नोटीस तीनदा वाचली. घाबरून नव्हे. पहिल्यांदा चष्मा नव्हता, दुसऱ्यांदा पुसलेला नव्हता. नंतर स्टुलावर बसलो, कारण पाय दुखत होते.
ऑक्सिजनवाल्याला प्रकाशाशी काय करायचंय, हे मॅडमना तोंडावर विचारणार.

दुपारी ४
मॅडम जिन्यात भेटल्या. आज हवा बरी आहे, असं म्हणालो. विषयाच्या जवळ गेलो होतो. पुढे त्यांना घाई होती. मलाही.

४ जून
परीक्षा ही अडचणच नाही. अडचण घरी आहे. चोवीस वर्षांपूर्वी सासऱ्यांना मी रसायनशास्त्राचा पदवीधर असल्याचं सांगितलं होतं. तसं ते खोटं नव्हतं. पदवीच्या दिशेने मी निघालो होतो. पहिल्या वर्षी रसायनात दोनदा अडकलो आणि दिशा बदलली.
त्यात मेहुणी कॉलेजात रसायनशास्त्रच शिकवते. तिने विषय काढला की मी चोवीस वर्षं काही ना काही आणायला बाहेर जातो. आमच्या घरात आगपेट्या कधी संपत नाहीत त्या यामुळे.
तेव्हा परीक्षेचं घरी कळता कामा नये. रोज पहाटे पाच ते सात अभ्यास, गुपचूप. पंचवीस दिवस गुणिले दोन, पन्नास तास. पहिलं गणित बरोबर आलं. सुरुवात चांगली.

६ जून, सकाळी ८
पाचचा गजर लागला. बायको जागी होईल म्हणून लगेच बंद केला. मग तिची झोपमोड होऊ नये म्हणून मीही हललो नाही.
मॅडमनी सगळ्यांना सोडवलेल्या गणितांचं पुस्तक दिलंय. चारशे पानं. घरी नेलं तर बायकोने विचारलं, हे काय? म्हटलं, पाइपांचा कॅटलॉग. ती घरी शिलाईकाम करते. तिने ते उचलून मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारलं. बरोबर बसलं म्हणाली. आता तिने शिवण थांबवली तरच अभ्यास. शाळांचे गणवेश आलेत. ती थांबत नाही.

९ जून
मशीनला लाकडाचा तुकडा लावून पुस्तक सोडवलं. उष्णतेचं प्रकरण घेतलं. हे विज्ञान हातानं करून बघावं, असा माझा स्वभाव.
बादलीत वीस लिटर पाणी. वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायचं. वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्मा गुणिले तापमानातला फरक: वीस गुणिले ४.१८ गुणिले पंचवीस, म्हणजे २०९० ज्यूल. (पुस्तकात ज्यूलच्या आधी ‘किलो’ छापलंय. ते पाण्याचे किलो, धरलेच आहेत.) हीटर दीड हजार वॉटचा. भागिले. उत्तर: १.४ सेकंद.
आजवर अर्धा अर्धा तास हीटर चालू ठेवत होतो. सुरक्षिततेसाठी दोन सेकंद ठेवला. अंगावर पहिला तांब्या घेतला तेव्हा तोंडून निघालेला आवाज बायकोने बाहेर ऐकला. काय झालं विचारलं. म्हटलं, ताजंतवानं वाटलं.
हीटर नादुरुस्त आहे. कंपनीला पत्र लिहिणार.

१२ जून, सकाळी ७.४०
आजचं अंगावर शाल घेऊन लिहितोय. थंडी आहे. (कालपासून सर्दी.)
प्रकाश लहान लहान कणांनी येतो. एका कणाची ऊर्जा म्हणजे प्लांकचा स्थिरांक (६.६ गुणिले दहाचा ३४ वा घात) गुणिले वारंवारता. मी काढली. तीनावर जवळजवळ पन्नास शून्यं, एवढे ज्यूल. दोनदा काढली. एवढ्या ऊर्जेत गाव काय, पृथ्वी उरायची नाही. आणि हा एकच कण. समोर टेबलवर दिवा जळत होता.
दिवा बंद केला. मग खिडकीतून उजाडायला लागलं. ते बंद करता येईना.
सव्वासातला मौनी आला. तो आमचा फिटर. दिवसाला चार शब्द बोलतो, म्हणून सगळे मौनी म्हणतात. कामाला निघताना मला घ्यायला येतो. त्याला वही दाखवली. त्याने पेन्सिल घेऊन माझ्या ३४ च्या अगोदर, वर, एक बारीक उणे काढलं आणि चहा मागितला.
उणेची खूण छपाईत फारच पुसट आहे. अशाने एखादा घाबरायचा.

१४ जून, संध्याकाळी ६
मोठा दिवस. शांतपणे लिहितो.
सकाळी सिलिंडरची गाडी आली. चाळीस सिलिंडर मागच्या अंगणात उतरवले. आत जागा नव्हती. आठ वाजता अंगणात २० अंश, गेजवर दाब दीडशे. एक वाजता थर्मामीटर पाहिला. ४० अंश. कडक ऊन.
एकोणीस वर्षं हे असंच चालू आहे, आणि एकोणीस वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण आज मी शिकलेला माणूस होतो. बंद भांड्यातल्या वायूचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो. वीसाचे झाले चाळीस, म्हणजे दुप्पट. म्हणजे दीडशेचे झाले तीनशे. आणि सिलिंडरवर ठोकलेला कमाल दाबाचा आकडा अडीचशे.
गेज बघायला पुढे जावं असं डोकं म्हणत होतं. पाय ऐकेनात. चाळीस सिलिंडर, भिंतीपलीकडे बाह्यरुग्ण विभाग, वर लहान मुलांचा वॉर्ड. मी भोंगा वाजवला.
त्यानंतरचं नीट आठवत नाही. लोक धावत होते. पायाला प्लास्टर घातलेला एक गृहस्थ सगळ्यांच्या पुढे होता. मी बागेची नळी सिलिंडरवर धरली आणि डोळे मिटून उभा राहिलो. पळालो नाही. हे नोंदवून ठेवतो, कारण दुसरं कोणी नोंदवणार नाही. पळावंसं फार वाटत होतं. वरच्या खिडकीत एक नर्स एका बाळाला घेऊन उभी होती, तिला जिना उतरता येत नव्हता एवढी गर्दी. ती माझ्याकडे बघत होती. म्हणून नळी सोडता आली नाही.
वीस मिनिटांनी मौनीने येऊन नळ बंद केला. गेज दाखवलं. १६०.
पाण्यामुळे उतरला असणार.

१५ जून
मॅडमनी बोलावलं. शाबासकीची शक्यता धरून धुतलेला शर्ट घातला. बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसलो. तेवढ्यात तीनदा पाणी प्यालो.
मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाकिटाच्या मागे चार ओळी लिहिल्या. तापमानात २७३ मिळवायचे असतात. २९३ चे ३१३. दीडशेचे एकशे साठ. पाणी मारलं नसतं तरी एकशे साठच. मग विचारलं, एकोणीस वर्षांत उन्हातला सिलिंडर फुटलेला कधी पाहिलात? म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग त्या एकोणीस वर्षांना एकदा विचारायचं होतं. एका म्हातारीचा जिन्यात पाय मुरगळलाय, हेही सांगितलं.
म्हातारीला वॉर्डात जाऊन भेटलो. मी कोण ते सांगणारच होतो. ती म्हणाली, भोंगा वाजवणारा गाढव सापडला का हो? म्हटलं, शोध चालू आहे.
हे वाक्य आत्ता वाचलं. खोडणार होतो. राहू दे.

१६ जून
घरी कळलं. प्लास्टरवाला गृहस्थ बायकोकडे पँट उसवून घ्यायला आला होता. प्लास्टरवरून चढेना म्हणून. त्याने सगळी कथा सांगितली, परीक्षेसकट. बायकोने बहिणीला फोन केला. संध्याकाळी मेहुणी दारात. मी आगपेटी आणायला उठलो. बायको म्हणाली, अहो, बसा.
बसलो. मेहुणी गोड आवाजात म्हणाली, भाऊजी, तुम्हाला काय शिकवायचं, नुसती उजळणी करू. मोल म्हणजे काय ते सांगा.
म्हटलं, मोल म्हणजे किंमत.
ती हसली नाही. चोवीस वर्षं ज्या क्षणाला भीत होतो तो एवढा शांत असेल असं वाटलं नव्हतं. मशीनचा आवाजसुद्धा थांबला. आमच्या काळी अभ्यासक्रम वेगळा होता, असं मी सुरू केलं.
तेव्हा बायको दोरा तोडत म्हणाली की, तिला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कळलंय. कपाटाच्या वरच्या फळीवर जुन्या वर्तमानपत्रात गुणपत्रिका होती. रसायन, अकरा आणि चौदा. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, माप घेताना सगळेच पुरुष पोट आत ओढतात. मी दोन इंच धरूनच शिवते.
स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. साखर दोनदा घातली.

१९ जून
मेहुणी रोज सहाला येते. परवा विचारलं, तुमच्या नियमाने सिलिंडर शून्य अंशावर बर्फात ठेवला तर दाब किती? म्हटलं, शून्य. म्हणजे आतला ऑक्सिजन गेला कुठे? म्हटलं, थंडीत आक्रसून कोपऱ्यात बसत असेल. तिने डोळे मिटले. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.
आज अणुरचना. इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात जागा रिकामी असताना चौथ्यात जाऊन बसतात. हे मला चटकन समजलं. बाह्यरुग्ण विभागात बाकावर जागा असते आणि लोक दाराजवळ उभे राहतात, तसंच. मेहुणी म्हणाली, भाऊजी, हे जवळजवळ बरोबर आहे. जवळजवळ बरोबर! बायकोला हाक मारून पुन्हा म्हणायला लावलं.

२४ जून
मेहुणीने सराव परीक्षा घेतली. चव्वेचाळीस. पास.
आता भीतीचं कारण नाही. पंचाहत्तरच्या खाली आलो तर स्वतःलाच माफ करणार नाही. मौनीला गरज असेल तर शिकवायची तयारी दाखवली. त्याने मान हलवली. कोणत्या बाजूला ते कळलं नाही.
पहाटे चारला जाग आली. तशीच. कुशीवर वळून २७३, २७३ म्हणत पडलो. बायको म्हणाली, तो बसचा नंबर आहे का?

२८ जून, दुपारी २
पेपर झाला. उत्तम.
पहिल्याच प्रश्नात वायू. प्रश्न हातात आला आणि समोर अंगण दिसायला लागलं, खिडकीतली नर्स, म्हातारी. पण डगमगलो नाही. एकच चूक पुन्हा करायची नाही, एवढं ठरवलेलं. तापमानात २७३ मिळवले. मग वाटलं, धोका कशाला घ्या? दाबातही मिळवले. आकारमानातही. उष्णतेच्या गणितात पाण्याच्या वजनातही मिळवले. कुठे राहून गेलं असेल अशी जागा सोडली नाही.
मौनी तासाभरात पेपर देऊन गेला. बिचारा.

३ जुलै
निकाल. मौनी ९१. मी ३३.
मॅडमनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी पेपर पाहायला मागितला. अणुरचनेत पंचवीसपैकी तेवीस. तिथे मिळवायला जागा नव्हती. बाकी सगळीकडे लाल. मॅडम म्हणाल्या, पद्धत सगळीकडे बरोबर आहे, २७३ काढले तर तुम्ही पास होता. मग त्यांनी विचारलं की दाबात का मिळवले? कारणं तीन तयार होती, छपाई, चष्मा, सर्दी. मी म्हटलं, मॅडम, भीती वाटली.
त्या म्हणाल्या, फेरपरीक्षा डिसेंबरात. तोवर धुलाई. नियम नियम आहे.
किल्ल्या मौनीला दिल्या. तिसऱ्या व्हॉल्व्हला वळवताना थोडं वर उचलावं लागतं, नाहीतर गळतो, हे दाखवलं. त्याने स्वतः करून पाहिलं. मग म्हणाला, रोज सकाळी चहाला या. मोजले. चार शब्द. एक दिवसाचा साठा.

९ जुलै
धुलाई विभाग, चौथा दिवस. इथे पाच मोठी मशीन आणि एक बाई. बाई तीस वर्षं इथे आहेत. त्यांनी मला मशीन भरायला दिलं. आत चाळीस किलो कपडे घालायचे. मी एक चादर वजनकाट्यावर ठेवली, कोरडी. मग ओली. फरक काढला. वही उघडली. पाण्याचं तापमान साठ, म्हणजे ३३३.
बाई येऊन म्हणाल्या, हे काय चाललंय? सांगितलं. त्या म्हणाल्या, दादा, दार लागेपर्यंत भरायचं. लागलं की पुरे. तोवर बाकीची चार मशीन धुऊन मोकळी झाली होती आणि ऑपरेशनवाले चादरींसाठी दारात उभे होते.
उद्यापासून मला घड्यांच्या टेबलावर घेतलंय. उशांचे अभ्रे. मध्ये एक घडी, मग आडवी एक, की ढिगावर. काम सोपं आहे. मला जमेल.
यात तापमान कुठे येत नाही ना, एवढं फक्त विचारून घेतलं.