बजरंगच्या फोनातून आलेली पत्रिका

मानवत,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

चि. निकिता हिला मंजुषा आत्याचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुम्हीही सुखरूप असाल असं धरून चालते. सहा वर्षांनी आत्याचं पत्र, तेही हाताने लिहिलेलं, म्हणजे काहीतरी झालं असणार असं वाटून तू घाबरशील. घाबरू नकोस, माझी तब्येत चांगली आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात. अंगणवाडीला यंदा रंग मिळाला, पण तो असा पिवळा निघाला की पोरं आत यायला बिचकतात.

माझ्या कामात वर्षभरापासून एक भर पडली आहे. पोरांची खिचडी झाली की त्यांच्या आयांना बसवून फोन कसा सांभाळायचा ते सांगायचं. त्यासाठी तालुक्याला आमचं एक दिवसाचं शिबिर झालं, चहा-बिस्किटासकट. तेव्हापासून मी तोंडपाठ सांगते. आलेली फाईल लगेच उघडू नका. अॅप हवं असेल तर फोनातल्या प्ले स्टोअरवरूनच घ्या. अॅपने मेसेज आणि नंबर बघायची परवानगी मागितली, तर त्याला ते कशाला हवंय ते आधी स्वतःला विचारा. ओळखीच्या माणसाकडून आलं तरी त्याला फोन करून खात्री करा. बायका माना डोलावतात आणि मी स्वतःवर खूश असते.

आता मुद्द्याचं. रविवारी, दोन तारखेला दुपारी, बजरंगच्या नंबरावरून मेसेज आला. वर गणपतीचं चित्र, खाली ‘लग्नाला सहकुटुंब यावे’ आणि त्याखाली लग्नपत्रिका असं नाव असलेली फाईल. सहा वर्षांत तुझ्या बापाने मला सणाचा नमस्कारसुद्धा धाडला नव्हता. मी ते नाव दोनदा वाचलं. मला वाटलं, आपल्या निकिताचं ठरलं.

फाईल दाबली तर फोनाने मला अडवलं. चांगल्या मराठीत विचारलं, हे अॅप अनोळखी ठिकाणचं आहे, तरीही घ्यायचं का? मी मनात म्हटलं, अनोळखी कसं? माझ्या भावाचं आहे. मग त्याने नंबर मागितले, मेसेज मागितले. लग्नघरातून निरोप आल्यावर हातचं काम टाकून निघावं, तशी मी जे मागेल ते देत गेले. पत्रिका काही उघडली नाही. पांढऱ्या पडद्यावर एक चाक फिरत राहिलं. मी वाट बघत बसले.

फोन करून खात्री करा, हे मी बायकांना सांगते. बजरंगला फोन लावायचं धाडस मला झालं नाही. त्याने उचलला नसता तर? आणि एक गोष्ट तर कोणत्याही शिबिराशिवाय कळायला हवी होती. सख्ख्या बहिणीला भाऊ फोनवर पत्रिका धाडत नाही. घरी येतो, कुंकू लावतो, अक्षता देतो आणि चार दिवस आधीच चल म्हणून आग्रह करतो. पत्रिका फोनवर आली तिथेच ती खोटी होती. पण सहा वर्षं काहीच न मिळालेल्या माणसाला एवढीसुद्धा पुष्कळ वाटते.

सोमवारी रजा टाकली. तारीख माहीत नाही, ठिकाण माहीत नाही, तरी बाजारातून तुला एक साडी घेतली आणि परभणीला गाडी बदलून झरीत उतरले. माझा अकलेचा कांदा झाला होता, दुसरं काय.

तुमच्या दाराशी मांडव नव्हता. ओट्याभोवती पंधरा-वीस माणसं होती आणि मधे तू. बजरंगचा फोन तुझ्या हातात होता आणि तू सगळ्यांना समजावत होतीस. ते पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण माझ्या बाजूने ते तू ऐकलेलं नाहीस.

तू सांगत होतीस, “ही पत्रिका न्हाई, अॅप हाय. बाबांनी उघडलं तर त्यांच्या फोनातल्या समद्यांला गेलं. ज्यानं उघडलं त्यानं आधी नेट बंद करा अन् फोन माझ्याकडं द्या.” तुमच्या शेजारच्या माणिकरावांसारखा मिशाळ माणूस मुकाट्याने फोन पुढे करत होता. तू ऑनलाइन सेवा केंद्रात काम करतेस हे मला बाहेरूनच कळलं होतं. तुला काम करताना बघितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि तिथून पळून जावंसंही वाटलं.

तेवढ्यात तू मला पाहिलंस. “आत्या, तुमाला बी आली का? उघडली का तुमी?”

“न्हाई गं बाई,” मी म्हटलं. “मी बायकांला हेच तर शिकवती. इकडं कामानं आले होते.”

“मग एकदा दावा तरी फोन. बघून देते.”

“चार्जिंग न्हाई त्याला.”

बजरंग माझ्याशी बोलला नाही. तुलाच म्हणाला, “अक्काला बसा म्हण. च्या ठेव.” मी बसले नाही. परतीच्या बसमध्ये पिशवीतला फोन सारखा गरम लागत होता.

निकिता, फोनात पूर्ण चार्जिंग होतं. खरं बोलले असते तर तू पाच मिनिटांत तो प्रकार रोखला असतास. पण माझा फोन तुझ्या हातात, सगळ्यांसमोर, हे मला सोसवलं नसतं. का, ते तुला कळलं असेल. मी इतका वेळ त्याच्या भोवतीच फिरतेय.

त्या संध्याकाळी माझ्या नावाने ती पत्रिका अंगणवाडीच्या सगळ्या आयांना गेली. कडूबाई म्हणून एक आहे, रोजंदारी करते, नातवाला सोडायला येते. तिने उघडली. तिच्याकडून ती लेकीच्या सासरी गेली, तिथे व्याह्यांनी उघडली आणि त्यांनी त्या लेकीला नको नको ते ऐकवलं. मंगळवारी मी फोन बंद केला, सिम काढलं, तक्रार नोंदवली आणि घरोघर फिरून सगळ्यांना सांगितलं. कडूबाई मला रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, “बाई, तुमचं नाव दिसलं म्हून दाबलं. तुमीच म्हनता ना, वळखीचं बघा.” मी तिच्या लेकीच्या सासरी जाऊन, चूक माझी आहे, हे सांगून आले. पाणीही न पिता परत आले.

आता ते जुनं. तू अकरावीला माझ्याकडे राहत होतीस. तू आंघोळीला गेलीस की मी तुझा फोन उघडायची. एकदा नाही, दोन महिने रोज. वर्गातल्या त्या मुलाचे मेसेज वाचले आणि बजरंगला बोलावून घेतलं. तो आला, त्याने तेच मेसेज वाचले. त्यात भौतिकशास्त्राच्या वह्या होत्या आणि एक-दोन थट्टा होत्या. बजरंग मला म्हणाला, “लेकीला तुझ्या भरवशावर ठेवलं होतं, अक्का, पाळतीवर न्हाई.” तुला घेऊन गेला. तुझं सायन्स तिथेच सुटलं.

मी सगळ्यांना सांगत आले की तुझ्या भल्यासाठी केलं. ते खरं नाही. तू माझ्याशी बोलतेस त्यापेक्षा त्या फोनात जास्त बोलतेस, याचा मला हेवा वाटायचा. तुझ्या बारशाला तुझं नाव पहिल्यांदा तुझ्या कानात मी सांगितलं, म्हणून मला वाटायचं तुझ्यातलं सगळंच मला ठाऊक असायला हवं. माझं चुकलं. फार चुकलं. माझ्यामुळे तुझं शिक्षण गेलं, आणि ते मला परत देता येत नाही.

त्या पत्रिकेने एक मात्र सांगितलं. ती बजरंगच्या फोनातल्या प्रत्येक नंबराला गेली होती. म्हणजे सहा वर्षांत त्याने माझा नंबर काढून टाकलेला नाही. ही गोष्ट मला एका भामट्याकडून कळावी, याचं हसूही येतं. बजरंगला हे वाचून दाखव किंवा दाखवू नकोस.

हे पत्र राजेश्री आणून देईल. ती आमच्या अंगणवाडीची मदतनीस, तिचं माहेर झरीचं. तिच्याकडे माझा फोनही दिला आहे. नेट जोडू नकोस. इथला दुकानदार म्हणाला की सगळं पुसून नव्यासारखा केल्याशिवाय तो सुरक्षित होणार नाही, आणि पुसलं की आतलं काहीच राहणार नाही. त्याला मी पुसू दिलं नाही. त्यात तुला लिहिलेले मेसेज आहेत. दर वाढदिवसाला एक, शिवाय अधलेमधले बरेच. धाडायची हिंमत झाली नाही म्हणून फोनातल्याच टिपणवहीत तसेच राहिले. सगळे चांगले नाहीत. काहींत मी तुझ्यावर चिडलेली आहे, काहींत नुसती रडलेली.

फोनाचं कुलूप काढून ठेवलं आहे. वाचावंसं वाटलं तर वाच, न वाचता पुसलंस तरी मी काही विचारणार नाही. या खेपेला परवानगी मी स्वतः देतेय. तुझ्याकडून मी ती कधी मागितलीच नव्हती.

तुझी अपराधी,
मंजुषा आत्या