धुक्यातली मापं

२६ नोव्हेंबर १९५१, मेरिदा, स्पेन

पोचले एकदाची! आमच्या बेखार गावच्या शेजारणी म्हणाल्या होत्या, त्या गावात पडक्या दगडांशिवाय काही नाही. दगड आहेत खरे, पण दगडागणिक एक करकोचा बसलाय, आणि ऊन इतकं छान पडलं होतं की स्टेशनपासून पेटी घेऊन चालतच आले. घरमालकीण एउफ्रासियामावशींनी दारातच मला नखशिखान्त न्याहाळलं आणि शिंपीण एवढी वाळकी, म्हणजे आमचं कापड वाचणार म्हणाल्या. मग लसणात परतलेला पावाचा चुरा, वर चरबीचे कुरकुरीत तुकडे. सगळं ताट संपवलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

खोली तळमजल्यावर, खिडकी चर्चमागच्या गल्लीत. सांता एउलालियाच्या मूर्तीसाठी लाल मखमलीचा नवा झगा शिवायचाय, नऊ डिसेंबरच्या मिरवणुकीआधी. मखमल बघूनच हात शिवशिवले.

२७ नोव्हेंबर

आजपासून एउलालियाच्या तेरा दिवसांच्या प्रार्थना सुरू, आणि बोलावल्यासारखं धुकं आलं. समोरचं दार दिसत नाही. रोमन सुभेदाराने धूप जाळ म्हटलं, ही बारा वर्षांची पोर नाही म्हणाली. उघडी करून गावातून फिरवली तेव्हा धुक्याने तिला झाकलं, आणि अजून दरवर्षी झाकायला येतं, असं इथे सगळे मानतात. जिथे तिला भट्टीत घातलं तिथल्या घुमटीला युद्धदेवाच्या मोडक्या देवळाचे खांब लावलेत. ज्याच्यापुढे तिने धूप जाळला नाही, आता त्याच्याच खांबांआड ती राहते. मावशी म्हणतात, घर बळकवावं तर असं.

मूर्तीची मापं घेतली. बारा वर्षांचीच आहेत. खांद्याचं माप तीनदा घेतलं, पाद्रीबाबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. भला माणूस.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका दोऱ्यांवरून लहान मुलांचे कपडे घाईघाईने आत नेत होत्या. या तेरा दिवसांत पोरांची चिंधीसुद्धा बाहेर ठेवायची नाही. मी हसले, तर मावशी शेगडीतले निखारे ढवळत म्हणाल्या, "धुकं एकीलाच पुरतं गं. बाकीच्या मागून येतात, ज्यांना कुणीच झाकलं नव्हतं त्या. ह्या गावात खणावं तिथं कुणीतरी निजलेलं असतं." आणि लगेच मला आणखी चणे वाढले.

२९ नोव्हेंबर

आज लिहूनच टाकते. पेटीच्या तळाशी सेल्साचा निळा फ्लॅनेलचा झगा आहे. तिच्यासाठीच शिवत होते, डावी बाही लावायची राहिली. फेब्रुवारीत ताप आला आणि चार दिवसांत माझी पोर गेली. तिला कपडे घालायला मी आत गेलेच नाही. पायच उचलला नाही. शेजारणींनी चादरीत गुंडाळली. जन्मभर लोकांच्या लेकी नटवल्या आणि माझी चादरीत गेली.

झग्याला पेटीचा कुबट वास लागला होता. धुतला, खिडकीबाहेर टांगला. मावशींचं बोलणं विसरले होते असं नाही.

३० नोव्हेंबर

झगा नाही. वाऱ्याने उडाला म्हणावं तर वारा कुठेय? दिवसभर मखमल हातात धरून बसले, टाका घातला नाही.

१ डिसेंबर

झगा खिडकीत परत आलाय, नीट घडी घालून. पाठीची शिवण उसवलेली. सेल्सापेक्षा रुंद पाठीच्या पोरीने घातलाय. पण खालची किनार तुडवून फाटलीये, म्हणजे घालणारी तिच्यापेक्षा बुटकी. एकच पोर रुंद आणि बुटकी असेल, तर गळा असा का ताणलाय? उजवं कोपर इतकं विरलंय की दहा वर्षं वापरल्यासारखं. माणसं खोटं बोलतात, वापरलेलं कापड बोलत नाही.

किनारीवर मातीच्या ओळी आहेत, वेगवेगळ्या उंचीच्या. मोजल्या. सात.

सातजणी एकच झगा पाळीपाळीने घालतायत.

भीती वाटली. पण त्याआधी रडू आलं, हेही खरं.

३ डिसेंबर

शिवण दुरुस्त करून, बाही लावून झगा पुन्हा ठेवला. माझ्या पांघरुणाचे दोन झगे बेतले, तेही ठेवले. सकाळी नऊला, धुकं दाट असताना, तिन्ही गेले. डोळ्यांदेखत. हात दिसले नाहीत, कापड मात्र आतून भरत गेलं.

खिडकीत उभी राहून बोलले त्यांच्याशी. माझी सेल्सा असेल तर पुढे पाठवा म्हटलं. ओळखायला सोपी आहे, पाणी वाहून डावा खांदा जरा खाली झालाय.

५ डिसेंबर

झगे परत आलेत. निळ्याचा डावा खांदा ओढलेला! खाली उतरलेला, बोटभर. मी कापडाला तोंड लावून बसले.

ती आलीय. मला माफ केलंय तिने.

मखमल कापली, आणखी दोन झगे केले. हो, कापली. एउलालियाला धुकं आहे.

६ डिसेंबर

पाचही झगे परत. पाचांचेही डावे खांदे खाली.

रुंद पाठीच्या पोरीचा. तीन वर्षांच्या चिमुरडीचासुद्धा.

त्या शिकल्या. मीच शिकवलं.

७ डिसेंबर

मावशींना मखमलीचे कपटे सापडले. ओरडल्या नाहीत, खाटेवर बसल्या. त्यांची थोरली बहीण अशीच धुक्यात गेली. तिचं बाळ न्हाऊ घालायच्या आत पुरलं होतं. दहा तारखेला धुकं उठलं, बहीण कुठेच नव्हती. मग मीही सेल्साचं, चादरीचं सगळं सांगितलं.

म्हणाल्या, "तुझी नाही येणार, कासिल्दा. ती पांघरून गेलीय. शेजारच्या चादरीत का होईना, पण झाकून गेली ना? ह्या उघड्याच गेलेल्या आहेत. आई मिळाली तर कुणाला नको असते?"

मी विचारलं, मग सेल्सा कुठे आहे. म्हणाल्या, निजलीये.

हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. दहा महिने त्या चादरीसाठी स्वतःला खात आले, आणि त्या चादरीनेच तिला निजवलं. पण ती येणार नाही. कधीच येणार नाही. फेब्रुवारीतही हे एवढं कळलं नव्हतं.

८ डिसेंबर

मावशींनी दुपारच्या गाडीचं तिकीट हातात ठेवलं, खिडकीला फळी ठोकली. पाद्रीबाबांना त्या सांगणार आहेत, शिंपीण आजारी पडली, जुनाच झगा चढवा.

पेटी भरली. स्टेशनवर गेले. धुक्यात गाडी आली, थांबली, सुटली. मी बाकावरच.

फलाटावर त्या रांगेने उभ्या होत्या. सगळ्यांचे डावे खांदे—

घरापर्यंत मागून आल्या. एकही पुढे गेली नाही.

९ डिसेंबर, सकाळ

फळी काढली. मावशी दाराबाहेर रडतायत, दार उघड म्हणतायत. कडी आतून. काल खोटं बोलले त्यांना, गाडी चुकली म्हणून.

पडदा संपला. चादर संपली. शालीच्या, पेटीच्या अस्तराच्या, सगळ्यांच्या कुंच्या केल्या.

आई म्हणतात. सेल्साचा आवाज काढतात. जमत नाही नीट, शेवटी घसरतो. पुन्हा म्हणून बघतात.

दुपार

मिरवणुकीच्या घंटा. उद्या धुकं उठेल, मावशी म्हणतात, एवढा दिवस काढ.

एक उरलीय. सगळ्यांत मागे. तिला काही पुरलं नाही. ती आई म्हणत नाही, खांदाही सरळच. तिला कुणी सांगितलंच नाही की कशी—

माझी नाही ती. मला ठाऊक आहे. नीट पाहिलं.

पण मागच्या वेळी मी आत गेले नव्हते—

खिडकी उंच नाही. माझा झगा तिला पायघोळ होईल, पण दुमडून— दोन टाके— मावशी, दार तोडू नका, मी एवढं तिला घालून लगेच