डोळ्यापाशी कापलेला हरभरा

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? मामींनी बंद केलेली साखर तुम्ही शेजारी जाऊन खाता, हे आईकडून कळलं. मी ठीक आहे, म्हणजे जेवण जातं, झोप तेवढी येत नाही.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून सरांनी मला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत घेतलं. काम एकच. हरभऱ्याच्या टरफलाचे पातळ काप घ्यायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली जाडी मोजायची. (टरफल म्हणजे कचरा, असं मीही समजायचो. पण त्यात खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या पेशींची रांग असते. पाणी सहजासहजी आत सोडत नाही, आमच्या गेटवरच्या वॉचमनसारखी.) देशी हरभऱ्याचं टरफल जाड, काबुलीचं कागदासारखं, असं प्रत्येक पुस्तक सांगतं. माझ्या मोजमापात काबुली जाड निघाला! "अरे, सगळ्यांना खोटं पाडलंस की!" म्हणत सरांनी त्यावर निबंध लिहून येत्या परिषदेत वाचायचं ठरवलं. मी आठवडाभर छाती काढून हिंडलो. मग एके दिवशी पात्याने बोट कापलं आणि डोक्यात प्रकाश पडला. देशी दाणा खडबडीत, पातं कुठेही बसतं. काबुली गुळगुळीत, सारखा निसटतो. म्हणून मी तो नेहमी डोळ्यापाशी कापत आलो (दाणा घाट्यात, म्हणजे शेंगेत, जिथे चिकटलेला असतो, ती खूण). तिथे खाच असते, पातं धरतं. आणि मामा, नेमकी तिथेच ती रांग दुहेरी होते. चारशे काबुली दाणे कापले मी, एकाचीही पाठ पाहिली नाही. सांगायला सरांकडे तीनदा गेलो. एकदा खिडकी लावून आलो, एकदा पेन मागून, एकदा नुसताच.

मामींना नमस्कार. बोटाचं आईला कळवू नका.

तुमचा भाचा

ता. क. तुम्ही आणि सर एका खोलीत राहून शिकलात. परिषदेआधी सरांना फोन करून हे तुम्हीच सांगाल का? पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. पत्र प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवून पाकीट शोधायला गेलो, तेवढ्यात सरांनी ते वाचलं. म्हणाले, "मामाला कशाला मध्ये घालतोस? तुझे काप मी मंगळवारीच तपासलेत. तू कधी येतोस, ते बघत होतो." तेव्हा फोन नको. निबंध आता मी वाचायचाय, विषय 'काप कुठून घेऊ नये'. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. गुडघा दुखला तर मागे बसा, पण या.