दुपारचा डोस

नोएडा,
ता. ९ डिसेंबर २०१४

द्वारकाताईस बळवंतचा नमस्कार.

तू, दाजी, पोरं बरी असाल. मी बरा आहे. थंडी जोरात आहे. आबा दवाखान्यात आहेत, पण घाबरू नको, आता शुद्धीवर आहेत. फोनवर तू स्पीकर लावतेस आणि आई शेजारीच असते, म्हणून लिहितोय. सातवीनंतर लिहिलंय कुठे, चुका सांभाळून घे.

तू बजावलं होतंस, आबांचं लिव्हर गेलंय, ते पातळ औषध तीन वेळा द्यायचंच. देत होतो. पण त्यानं दिवसातून तीनचारदा जावं लागतं, आणि इथे सात खोल्यांना एक संडास. घरमालकीण लाईनीत सगळ्यांसमोर म्हणाली, "तेरे बाप ने लैट्रिन अपने नाम लिखवा ली क्या?" सगळे हसले. आबा मान खाली घालून तसेच परत आले.

मग दुपारचा आणि संध्याकाळचा डोस मीच बंद केला. म्हटलं, पोटाचं औषध आहे, लिव्हरचं थोडंच.

चार दिवस पोट साफ नाही. रविवारी दुपारी ओव्हरटाईम करून आलो, तर आबांची चप्पल पिण्याच्या बादलीत. जीभ जड, झोकांड्या. मला म्हणतात, "आपण कोण?"

वाटलं, परत प्यायले.

आत्ता उठून दोन चकरा मारून आलो. लिहितो.

तोंडाचा वास घेतला ताई. दारूचा नव्हता. तरी मारलं. दोनदा. लहानपणचं सगळं हातात आलं. आबा नुसते हसले आणि खाली बसले, ते उठेनात. तसंच ऑटोत घातलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट तुंबलं की त्यातलं विष असलं लिव्हर गाळत नाही, ते डोक्यात चढतं. "दवा किसने बंद की?" मी म्हटलं, पता नहीं.

आज आबांनी मला ओळखलं. "गाल का रे दुखतोय?" म्हटलं, पडलात. तर सकाळपासून शेजारच्या पेशंटला सांगतायत, पोरगं होतं म्हणून वाचलो. मला वॉर्डात बसवत नाही, जिना खालीवर करतोय.

हे पत्र आधी पेटीत टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. मग वर जाऊन आबांना सांगतो, डॉक्टरीणबाईंनाही. आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

आबांवर हात उचललेला,
तुझा बळवंत