फळीमागचं शेवटचं नाव

४ मार्च
पोचले! रेल्वे म्युझियमच्या शेडमध्ये मला आख्खं टेबल मिळालंय, आणि समोर तो, काचेचा डबा! पूर्वी गाडीच्या अगदी शेवटी जोडायचे. तीन बाजूंना काचा, फिरत्या खुर्च्या. आरामात बसून मागे जाणारे रूळ बघायचे. मी त्याचा इतिहास लिहिणार. पुस्तकावर माझं नाव! खुशीत शेवटच्या खुर्चीत बसून तीन गिरक्या घेतल्या. सुतारकाका म्हणाले, दमानं गं गिरके, तिचे स्क्रू तुझ्या आजीच्या वयाचे आहेत. झालं, सगळ्यांसाठी मी आता गिरकी.

७ मार्च
काकांनी डब्याच्या आतल्या भिंतीची फळी काढून मागची बाजू दाखवली. डब्यावर ज्यानं काम केलं, त्यानं इथे पेन्सिलीनं नाव लिहायचं, अशी पद्धत आहे. सुतार, पॉलिशवाले, काचवाले, शंभर वर्षांतली माणसं! नियम एकच: कुणाचं नाव पुसायचं नाही. शेवटचं नाव माझ्या आधीच्या रिसर्चरचं. सगळे त्याला प्रोफेसर म्हणतात. एक दिवस न सांगता गेला, तो गेलाच. मी म्हटलं, बरंच झालं, माझी सोय झाली. कुणी हसलं नाही.

१२ मार्च
चहाला प्रोफेसर, जेवताना प्रोफेसर! आज डब्याचा रंग ब्लेडनं हळूहळू खरवडला, क्रीम रंगाखाली हिरवा थर निघाला. धावत म्युझियमच्या प्रमुख मॅडमना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, छान, पण प्रोफेसर त्याच्याही खालच्या लाल थरापर्यंत पोचला होता. आई फोनवर म्हणाली, दुसऱ्याच्या ताटात बघत बसलीस तर आपलं गार होतं. अगं, पण माझ्या ताटात त्याचं उष्टंच वाढलंय!

१९ मार्च
टेबलाच्या खणात प्रोफेसरची वही सापडली. सगळा इतिहास तयार! इतका सुंदर लिहिलाय की रडू आलं. रागानं. मग मी काय लिहू?

२० मार्च
जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये कुणी नव्हतं. फळी काढली. खोडरबरानं त्याचं नाव पुसलं आणि त्याच जागी माझं लिहिलं. काय गार वाटलं जिवाला! एक विचित्र होतं. तिथलं लाकूड आधीच खोलगट झालेलं, जणू कितीदा तरी घासलंय.
मागे शेवटची खुर्ची करकरली. वारा असेल.

२२ मार्च
मुद्दाम प्रोफेसरचा विषय काढला. काका म्हणाले, कोण प्रोफेसर? मॅडमनाही आठवेना. वहीतली पानं माझी म्हणून दिली, तर मॅडमनी पाठ थोपटली. जिंकले!
पण काका असं कसं विसरले?

२५ मार्च
आज चहाला माझा कप नव्हता. मॅडम कुणालातरी सांगत होत्या, गिरकी फार हुशार होती.
होती?
मी समोरच उभी होते.

२६ मार्च
आईला फोन लावला. ती नुसती हॅलो हॅलो करत राहिली. मग कुणालातरी रडत म्हणाली, न सांगता गेली हो —

२७ मार्च
दारातून पायरी उतरले की पुन्हा शेवटच्या खुर्चीत. डबा जागेवरच आहे. काचेतून मात्र रूळ मागे चाललेत —

२ एप्रिल
नवीन मुलगी आलीय. माझ्या टेबलावर. माझ्या कपात चहा. तिला सगळे दिवसभर माझंच कौतुक सांगतात, गिरकी अशी, गिरकी तशी. तिचे ओठ घट्ट मिटलेत. हा चेहरा मला माहितीये, मार्चात माझा असाच होता —

९ एप्रिल
जेवणाची सुट्टी. ती एकटीच. फळी काढली —
बाई गं, नको. काकांनी सांगितलंय ना, पुसायचं नाही —
हातात खोडरबर —
पहिलं अक्षर गेलं. आई मला काय हाक मारायची? आठव, आठव —
दुसरं —
इथे कोणीतरी होतं, असं लिहून ठेवते, मी, माझं ना